आजींची तक्रार

तुम्हाला सांगते, आमच्या हॉटेलात रिसेप्शनला खुर्चीच नाही. पाहुण्यांसमोर बसलेलं चालत नाही. त्या दिवशी लेकीच्या तापापायी रात्रभर जागी होते, त्यामुळे उभ्याउभ्याच पेंगत होते. तेवढ्यात लग्नासाठी मनमाडहून आलेल्या आजींचा खोलीतून फोन आला, "पोरी, वर ये. तक्रार आहे."

आदल्याच आठवड्यात मॅनेजरनं सुनावलं होतं, "अजून एक तक्रार आली, तर घरीच बसा."

धावत गेले. "सॉरी आजी, एसीचं काही की गरम पाण्याचं?"

"तुझंच. मघाशी खाली बघितलं तुला. चक्कर येऊन पडशील अशानं. बैस इथं."

"आजी, आम्हाला बसायची परवानगी नाही."

"ही खोली माझी आहे. बैस म्हणते ना!"

म्हटलं, दोन मिनिटं टेकू. आणि मी शहाणी चक्क झोपले! जाग आली ती मॅनेजरच्या आवाजानं. आजी दार अर्धवट धरून त्याला दटावत होत्या, "हळू बोला. तुमची पोर माझी तक्रार ऐकतेय. अजून निम्मी बाकी आहे."