दोरीच्या आतली खोली

जावई : आई, हे तिसरं संग्रहालय. सकाळी नाण्यांचं झालं, मग घड्याळांचं. असंच चाललं तर घरी उद्या पोचू.

सासूबाई : तुम्हीच म्हणालात ना, वाटेतलं शहर बघून घेऊ? बघतेय.

जावई : मला वाटलं, एखादी इमारत बघाल, चहा घ्याल आणि निघू. तुमची लेक सारखी फोन करतेय. दोनदा सांगितलं, ट्रॅफिकमध्ये अडकलोय.

सासूबाई : माझ्या लेकीशी खोटं बोलता?

जावई : तुमच्यापायी. गुडघा दुखत नाही का?

सासूबाई : ठणकतोय. ही खोली कसली हो?

जावई : थांबा, वाचतो. ‘शंभर वर्षांपूर्वीची राहती खोली. सर्व वस्तू मूळ.’ पलंग, कंदील, शिलाई मशीन... आई, दोरीच्या आत नका जाऊ!

सासूबाई : नाही जात. तो चष्मा बघत होते. उशाशी उघडाच ठेवलाय. जशी काही बाई आत्ता उठून गेलीय.

जावई : छान मांडलंय.

सासूबाई : छानच. आमच्या बाईसाहेबांनीही असंच मांडलंय.

जावई : कुठे?

सासूबाई : लेकीनं तुमच्या घरी माझ्यासाठी केलेली खोली हो. परवा फोनवर दाखवली. माझा पलंग, यांची आरामखुर्ची, माझं मशीन, सगळं जिथल्या तिथे. भिंतीलाही आमच्या घरचाच पिवळा रंग. दाखवताना रडत होती.

जावई : महिनाभर राबलीय ती. त्या पिवळ्यासाठी मी चार दुकानं पालथी घातली.

सासूबाई : माहितीये. म्हणून तर तोंड उघडेना माझं.

जावई : कशाबद्दल?

सासूबाई : दोरी तेवढी लावायची राहिलीय.

(दोघं समोरच्या बाकावर बसतात.)

जावई : यायचं नाहीये का तुम्हाला? सरळ सांगा. गाडी वळवतो.

सासूबाई : वळवून नेणार कुठे? माझ्या घरात आता भाडेकरूंचे कपडे वाळताहेत. यायचंय मला. पण राहायला यायचंय.

जावई : मग हे तिला सांगायला हवं.

सासूबाई : तुम्हाला सांगितलं तेच पुष्कळ झालं.

जावई : ते मशीन चालतं का अजून?

सासूबाई : न चालायला काय झालं? तेल घाला, पळेल.

जावई : मग ते हॉलमध्ये घेऊ, खिडकीपाशी. उजेड असतो. माझ्या दोन पँटा कमरेत सैल करायच्यात.

सासूबाई : खिडकीपाशी तुमचा टीव्ही आहे.

जावई : सरकेल तो.

सासूबाई : आणि खुर्चीही काढा बाहेर. हे गेल्यापासून कुणी टेकलं नाही तिच्यावर.

जावई : मी बसलो तर चालेल?

सासूबाई : ...बसा. बेतानं बसा पण, उजवा पाय कुरकुरतो. खुर्चीचा.

जावई : बरं, इथे जहाजांचंही एक संग्रहालय आहे, पाचला बंद होतं. तिकिटं काढायची?

सासूबाई : कशाला? तिला फोन लावा. म्हणावं, रस्ता मोकळा झाला.