मॅकरॉनला पाय फुटले

हॅलो? … हां, बोल सुमा. … अगं आत्ता शिरतोय घरात, कुलूपसुद्धा हातातच आहे. … नाही, कुठे पडलोबिडलो नाही. पडायचं खातं तुझ्याकडे आहे. … बरं, चुकलो. हात कसाय? … बोटं हलवतेस ना? आणि प्लास्टर भिजवू नकोस.

हो, हो… सांगतो ना. चपला तरी काढू दे.

… अगं ऐक ना, पहिल्यापासून सांगतो. कोलशेतला त्या दक्षताच्या घरीच असतो क्लास. चुणचुणीत मुलगी आहे. तिने हजेरी घेतली, "सुमती?" मी हात वर केला. … मग काय करणार? हौसेने नाव नोंदवलंस तू, आणि ऐन वेळी मनगट मोडून बसलीस. … सगळ्या वळून बघायला लागल्या. सगळ्या बायकाच. म्हटलं, मी त्र्यंबक, सुमतीचा नवरा. तिच्या वतीने शिकायला आलोय. … हसल्या ना! टाळ्या पण वाजवल्या. … छे, लाजतोय कसला. … थोडासा.

मॅकरून नाही गं, मॅकरॉन. … नारळाचे ते वेगळे, बेकरीतले. मीही तेच समजून गेलेलो. "नारळ कोण खवणार?" असं विचारलं मी तिला. … हे बदामाच्या पिठाचे. दोन चकत्या आणि मध्ये क्रीम.

… फेटलं ना. पांढरं तेवढं घ्यायचं, पिवळं बाजूला. इतकं घट्ट फेटायचं, की भांडं डोक्यावर उलटं धरलं तरी पडता कामा नये. … धरलं ना! … पडलं. … थोडं कानात गेलं. … हस, हस. दुसऱ्यांदा नाही पडलं, ते विचार.

… कशाचं पांढरं म्हणजे? अंड्याचं. … कोण ओरडलं? … स्पीकरवर आहे? अगं मग आधी नाही का सांगायचं! … नमस्कार मंदाताई! … नाही हो, इथे डोंबिवलीत नाही, तिकडे ठाण्याला फेटलं. … हो, हात धुतले. … कानही धुतला. … ठाऊक आहे, कल्याणला तुमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नाही. … सुमा, तुझ्या ताईला स्पीकरवरून काढ बघू.

… मग ते बदामाच्या पिठात हलक्या हाताने कालवायचं. मी आपला भज्यांच्या पिठासारखं घोटत बसलो. दक्षता धावत आली, "काका, काका, जीव घ्याल त्याचा!" … मग चकत्या पाडायच्या आणि ट्रे ओट्यावर आपटायचा, हवा निघून जाते. ते मात्र मला छान जमलं. … खालच्या मजल्यावरचे वर आले, काय पडलं बघायला.

आणि मग ओव्हनमध्ये… सुमा, पाय फुटले! सगळ्यांना पाय फुटले! … नाही गं, चोरीला कशाला जातील? इथेच आहेत, डब्यात, माझ्यासमोर. … अगं पाय म्हणजे, फुगताना बुडाशी झालर येते ना, तिला पाय म्हणतात. पाय आले की जमलं समजायचं. … माझ्या शेजारच्या बाईंचे भेगाळले. माझे आले. … तुझी शपथ. … फोटो पाठवतो ना.

… काय झालं? … रडतेस? … सर्दी? बरं, सर्दी. … माहितीये गं, तुलाच करायचे होते. पुढच्या वेळी तू कर, मी ट्रे आपटायला येतो.

… तुझ्यासाठीच ठेवलेत. … नाही, कल्याणला नाही आणणार. मंदाताईंच्या फ्रीजमध्ये? डब्यासकट मलाही जिन्यात बसवतील. … तू ये की घरी. … कधी म्हणजे? आजच. … प्लास्टर निघेपर्यंत कशाला? … अगं करमत नाही घरात. सरळ सांगतो. पेपरातली बातमी मोठ्याने वाचतो आणि मग लक्षात येतं. काल कामवालीला इतका वेळ बोलत बसवलं, शेवटी तीच म्हणाली, काका, मी जाऊ का आता?

… स्पीकर अजून चालूच आहे? … असू दे. ऐकू दे त्यांनाही. तुझ्याशिवाय मला करमत नाही, मंदाताई हजर असल्या तरी हेच म्हणणार.

… हो मंदाताई, बोला. … नाही लावू देणार ओट्याला हात. … मीच करून घालीन. … बरोबर, मॅकरॉन काही दोन्ही वेळा जेवता येत नाहीत. … वरणभात? … म्हणजे तसा… … सध्या पोळीभाजी केंद्रातून आणतो. … नाही, कुकर कधी लावला नाही. … अहो, फ्रेंच पदार्थ येतो मला, वरणभाताचं काय एवढं!

… आत्ता? फोन चालू ठेवून? … लावतो. हा बघा, उठलोच. सुमा, तू सांग हां.

कुकर कुठे असतो आपला? … खाली, उजवीकडे. … सापडला. … तूरडाळ ही ना, पिवळी? … ती चण्याची? मग तूर कुठली? … त्याच्या मागचा डबा. … हां, धुतली. … हळद टाकली. हिंग टाकला. … पाणी घातलं की डाळीत. … कुकरच्या तळालाही वेगळं? बरं झालं बोललीस, मी कोरडाच ठेवणार होतो.

आता तांदूळ. अर्धी वाटी घेतो. … एक? नको गं, एक वाटी मला एकट्याला कुठे संपणार, उगाच…

… काय?

… परत बोल. … मंदाताई काय करतायत? … बॅग भरतायत?

… हो. हो, घेतो ना. एक वाटी. शिगोशीग घेतो.

… मी येतो न्यायला! … हो, खरंच, कुकर सोडून कसा येणार. मग मंदाताईंना सांग, रिक्षात नीट बसवून द्या. हात झोळीत ठेव. रस्त्यात खड्डे आहेत, रिक्षावाल्याला सावकाश म्हणावं. … नाही गं, रडत नाहीये. हिंग जास्त झालाय.

झाकण लावलं. … शिट्टी बसवली. गॅस मोठा ठेवू की बारीक? … मोठा. बरं. आणि शिट्ट्या किती? … अगं चप्पल नंतर शोध, आधी शिट्ट्या सांग. … सुमा? … शिट्ट्या किती करायच्या? … हॅलो? … हॅलो?