टेलरकाकांची शीर

टेलरकाका : पायात सुई घुसली म्हणून इथं आलो, सिस्टर. आणि तुम्ही हातात दुसरी घालताय.

काकू : घुसली म्हणे. स्वतःचीच सुई होती. तीस वर्षं सांगतेय, चप्पल घालून शिवत जा.

टेलरकाका : चपलेनं पॅडल कळत नाही.

सिस्टर : काका, मूठ आवळा. मघाशी त्या हाताची शीर सरकली, आता या हाताला बघू.

टेलरकाका : सरकली नाही, पळाली. शहाणी आहे. त्यापेक्षा गोळ्या द्या ना. मी बिनपाण्याच्या गिळतो.

काकू : पाच दिवस गिळल्यात. सूज घोट्यापर्यंत चढली, ताप उतरायचं नाव नाही.

सिस्टर : गोळी पोटातून फिरून जाते, काका. तेवढा वेळ नाही आता.

टेलरकाका : मग कमरेत टोचा. तिथं मला दिसत तरी नाही.

सिस्टर : हे औषध शिरेतूनच जायला हवं. थेट रक्तात.

टेलरकाका : आणि नाही घेतलं तर?

काकू : डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? अंगठा वाचायचा नाही. पॅडलचा पाय आहे तो.

(टेलरकाका सुजलेल्या पायाकडे बघतात.)

टेलरकाका : आजवर किती जणांना लावलीत ही सुई?

सिस्टर : खरं सांगू? अकरा. आता नाही जमलं तर मोठ्या सिस्टरना बोलवेन. पण त्या ऑपरेशनला गेल्यात, दुपार होईल.

काकू : दुपारपर्यंत नको गं बाई.

टेलरकाका : इकडे बघ पोरी. सुईकडे बघतेस ना?

सिस्टर : मग कुठं बघू?

टेलरकाका : जिथं जायचंय तिथं. गुळगुळीत कापडही असंच सुईखालून सटकतं. डाव्या अंगठ्यानं खाली ताणून धर. अजून जरा. हां. आता घाई नको आणि थांबूही नको.

सिस्टर : तुम्ही बोलत राहा, काका.

टेलरकाका : वडिलांनी पहिल्यांदा रेशमी अस्तर हातात दिलं, तेव्हा मी बोट भोसकून घेतलं. अस्तरावर हा एवढा रक्ताचा डाग. वाटलं, आता कानाखाली बसते.

काकू : हे मला कधी सांगितलं नाहीत.

टेलरकाका : सांगण्यासारखं आहे का? वडिलांनी अस्तर माझ्या हातातून घेतलं. डागावर आतला खिसा शिवून टाकला.

सिस्टर : आणि गिऱ्हाईक?

टेलरकाका : गिऱ्हाईक म्हणालं, खिसा झकास झालाय. दुसऱ्या कोटालाही तसाच मागितला.

सिस्टर : झालं, काका.

टेलरकाका : काय झालं?

सिस्टर : सुई बाहेरही काढली. आत बारीक नळी आहे नुसती. बघा, थेंब पडतायत.

टेलरकाका : मग ही माझा हात कशाला धरून बसलीय?

काकू : मी कुठं धरलाय? तुम्ही धरलाय.

टेलरकाका : असू दे. बाटली संपेपर्यंत.