तापलेली वाघीण

हसू नका हं, पण कान्हे स्टेशनवर मी चक्क वाघिणीला घाबरून पळाले आहे. नुकतंच लग्न झालं होतं आणि माझ्या माहेरी रेल्वे नव्हती. सासूबाईंबरोबर दुधाची किटली घेऊन पहिल्यांदाच स्टेशनवर गेले, तर हमाल ओरडला, “मावशी, म्होरं नका येऊ! वाघीण तापलीया!”

मी किटलीसकट पळत सुटले.

“अगं, दूध सांडंल!” सासूबाई मागून ओरडल्या. “दूध नेत्यात त्या डब्याला वाघीण म्हणत्यात हितं!”

परत येऊन पाहते, तर जुना लाकडी डबा आणि त्याच्या चाकापाशी धूर. चाक तापलं म्हणून गाडी त्याला इथंच सोडून पुण्याला जाणार होती. दूध घेऊन आलेल्या बाकीच्या बायका किटल्या सावलीत ओढू लागल्या, कारण उन्हात दूध नासलं असतं.

सासूबाई गार्डाकडे गेल्या. “भाऊ, तुमच्या डब्यात घ्या की किटल्या.”

“परवानगी नाही हो, मावशी.”

“घरातली एक बाय आजारी पडली, तर दुसरी चूल पेटवती का परवानगी मागती?”

गार्डाला हसू आलं. “चढवा लवकर,” तो म्हणाला.

दूध गेलं, बायकाही पांगल्या. सासूबाई मात्र त्या डब्याच्या सावलीत बसल्या.

“आत्याबाई, घरी चला ना,” मी त्यांना म्हणाले.

“तू हो म्होरं. इतकी वर्सं आमचं दूध वाहिलं तिनं. ताप उतरंस्तवर पाशी कुनी नको व्हय?”