आधीच सह्या केलेल्या चाळीस प्रती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या पुस्तकांच्या दुकानाचे मालक, व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे कादंबरीकार महोदय, ज्यांना निरोप द्यायला आपण कपाटं भिंतीला सरकवून बसलो आहोत ते इतकी वर्षं हे दुकान सांभाळणारे आपले भाऊ, त्यांच्या शेजारी खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेल्या वहिनी, आणि समोरच्या वाचक मंडळींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. पाहुण्यांनी पंचवीस घेतली, तेव्हा माझी कुठून आणायची ते अध्यक्षांनी बघावं. मी शिवणकाम करणारी बाई. शाळा चौथीपर्यंत. शिवणवर्गातल्या मुलींसाठी मापांची वही लिहिली होती, तिचं पुस्तक झालं, म्हणून मला लेखिका म्हणतात. भाषण लिहून आणलंय, नाहीतर मी बोलत सुटते.

पाहुणे आत्ता म्हणाले, सह्या करायचे कार्यक्रम म्हणजे लेखकाचा वेळ फुकट घालवणं. अध्यक्षांनी मान डोलावली. भाऊ गेले की हा कार्यक्रम बंद करायचं त्यांच्या मनात आहे, हे आम्हाला कळलंय. आता मी काय सांगू? पाहुणे चुकले म्हणू? बरोबरच बोलले. मी स्वतः बसले आहे त्या दाराजवळच्या टेबलाशी, दोन वर्षांपूर्वी. पहिल्या तासात तिघं आले. एकाने वह्या कुठे आहेत विचारलं. एक बाई म्हणाल्या, "तुम्ही इथे कामाला ना? हे जरा पिशवीत घालून द्या." दिलं घालून. तिसरे आजोबा होते, त्यांचे पाय दुखत होते म्हणून माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि निघाले तेव्हा माझं पेन घेऊन गेले.

पण खरं सांगते, मी पुस्तक विकायला बसलेच नव्हते. मी माझ्या थोरल्या बहिणीची वाट बघत होते.

आम्ही दोघी एकाच दुकानात शिवायचो. ती कापायची, मी शिवायची. एकदा एका गिऱ्हाइकासमोर मी फुशारकी मारली, की बाही बसवायला मी माझी मी शिकले. ताई मागेच काज करत बसली होती. तिने सुई टोचून ठेवली, कात्री पिशवीत घातली आणि गेली. पुढे तिने आपलं वेगळं दुकान काढलं. नऊ वर्षं बोलणं नाही. तिच्या घरी जाऊन माफी मागायची तर माझी जीभ वळत नाही, आणि माझ्या घरी ती येणार नाही. पुस्तकांच्या दुकानात काय, कुणीही येतं. म्हणून भाचीच्या हाती निरोप धाडला होता, अमुक दिवशी अमुक वाजता बसते आहे म्हणून.

ती आली नाही. दीड तास झाला आणि माझं डोकं फिरलं. रिकामे हात मला चालत नाहीत. भाऊंकडून दुसरं पेन मागून घेतलं, समोरचा गठ्ठा ओढला आणि सह्या करत सुटले. मला वाटलं, ज्याला द्यायचं त्याला उद्देशूनही काही लिहायचं असतं. लिहिलं. "धाकट्या जावेला, जिला कधीच वेळ नसतो." "शेजारणीला, कापड आणून माप न देणाऱ्या." "नणंदेला. कपडा आटला नाही, तू वाढलीस." अशा चाळीस प्रती. शेवटची होती, "ताईला. बाही तू शिकवलीस. कबूल."

भाऊ आले, एक उघडली, दुसरी उघडली, आणि स्टुलावर मटकन बसले.

"अहो, लिहिलेली प्रत प्रकाशक परत घेत नाही."

"मग आता?"

"आता काय. ही चाळीस लेकरं माझी."

ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या प्रती पहिलं पान उघडं ठेवून दर्शनी फळीवर मांडल्या. त्या दिवशी खपल्या होत्या दोन. आणि या उघड्या प्रती पाच आठवड्यांत संपल्या. नणंद कुणाला नसते? एक बाई भाऊंना म्हणाली, "तोंडावर सांगायची छाती नव्हती, बरं झालं कुणीतरी लिहिलं."

ताईची प्रत मात्र त्यांनी विकली नाही. कुणी मागितली तर "ती दिलेली आहे" म्हणायचे. मला हे ठाऊकच नव्हतं. मी विचारलंही नाही. तोऱ्यात होते.

गेल्या सोमवारी भाऊ आपलं कामाचं टेबल रिकामं करत होते. खणातून त्यांनी ती प्रत काढली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "शब्द मोडतोय. पण उद्यापासून हे टेबल दुसऱ्याचं."

ताई येऊन गेली होती. कार्यक्रमानंतर सात महिन्यांनी, भर दुपारी. दारातून विचारलं म्हणे, "दोरा आहे का?" पुस्तकांच्या दुकानात. भाऊंनी माझ्यासारखंच नाक बघून ओळखलं आणि खण उघडला. तिने पहिलं पान उभ्याने वाचलं, मग बसून अख्खं पुस्तक वाचलं, आणि पेन्सिल मागितली. जाताना सांगून गेली, "तिने विचारलं तरच द्या." आणि मी आले की भाऊ दर वेळी म्हणायचे, "अजून काही हवंय का?" मी म्हणायचे, नको. सतरा महिने नको म्हणत होते मी.

पान छत्तीसवर तिने लिहिलंय, "पुढचा मुंढा अर्धा इंच खोल, मागचा नव्हे. उलटं छापलंयस. शिकवत होते तेव्हा लक्ष कुठे होतं?" मुंढा म्हणजे बाही बसते तो बगलेचा गोल काप. बस, एवढंच.

मंगळवारी तिच्या दुकानात गेले. मशीनवरून तिने मान वर केली नाही.

"चपला बाहेर. कापड पसरलंय."

"पान छत्तीस बघितलं."

"आज?"

"मला काय माहीत तू येऊन गेलीस ते."

"विचारायचं."

मी चपला बाहेर ठेवून आले. वहिनी, हसू नका, ऐकते मी कधी कधी. मग तिने एक बाही माझ्याकडे फेकली. म्हणाली, "उसव आणि नीट बसव. बघू."

तेव्हा मालक, चाळीस माणसं यायची नाहीत, ते विसरा. लेखक टेबलाशी ताटकळेल, पाहुण्यांसारखा चिडेलही. चिडू दे. दाराजवळचं टेबल राहू द्या. आणि भाऊंच्या जागी जो बसेल त्याला एक खण द्या, कुलपाचा.

भाऊ, तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. वहिनी, आता घरातली कपाटं लावायला हा माणूस तुमच्या वाट्याला आला, सांभाळा. आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ न उठलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात कुणाला टोचलं असेल तर पोटात घाला. पण माझं पान छत्तीस वाचून कुणी बाह्या शिवल्या असतील, तर त्या मात्र पोटात घालू नका. ताईच्या दुकानात घेऊन या. आम्ही दोघी उसवून देऊ.