पूजेचं कार्ड लाल झालं

नाई, पण मले एक सांगा, पोते गाडीत चढले, गाडी गेटातून गेली, मागची धूळबी खाली बसली... मंग काम झालं का नाही झालं? झालं ना! तुमी म्हणान झालं, हमाल म्हणतीन झालं. पण आमचे प्रविणभाऊ? "मनिष, कार्ड हिरवं नाही दिसून राहिलं!" घ्या! काम कोन पाहते जी, कार्ड पाहते!

तुमाले सांगतो, तुमसरच्या राईस मिलमध्ये मी कॉम्प्युटरवर बसतो. आवक, जावक, बारदाना, सगळं तोंडपाठ, सुखात होतो. प्रविणभाऊ म्हणजे मालक, राहते नागपूरले. तिथं कोन्या शिबिरात जाऊन आले अन हे सॉफ्टवेअर टाकून देल्लं. हरेक कामाचं पडद्यावर एक कार्ड. काम झालं की दाबाचं, कार्ड हिरवं. त्या दिवशी नाही दाबलं, की लाल... अन लाल झालेलं मंग कोनाच्या बापाच्यानं हिरवं होत नाही! पह्यले मी दिवसभर काम करत होतो, आता अर्धा दिवस काम करतो अन अर्धा दिवस 'केलं, केलं' म्हणून दाबत राहतो.

बरं, चालवूनबी घेतलं असतं. पण भाऊनं जाहीर केलं, "दिवाळीपर्यंत ज्याचं एकबी कार्ड लाल नाही, त्यालेच मंडईची सुट्टी!" आता दिवाळीनंतरची मंडई म्हणजे काय, हे तुमाले सांगा लागते का? गावोगावचे पाहुणे, जत्रा, रातभर दंडारीचं नाटक! करडी माही सासरवाडी, लग्नानंतरची पह्यली मंडई, सासऱ्यानं साऱ्या सोयऱ्यायले सांगून ठेवलं जावई येऊन राहिला म्हणून, अन शालूनं, म्हणजे बायकोनं, साडीबी काढून ठेवली. मंग काय, जीव तोडून दाबलं जी! नवरात्र हिरवंगार.

अन आला दसरा. भाऊनं नागपुरातून कार्ड सोडलं, 'कॉम्प्युटरची पूजा करणे'. कोनाच्या नावानं? माह्या! केली. भाऊच्या आई, गोदावरीकाकू, स्वतः आल्या, पडद्याले टिळा, कीबोर्डवर झेंडू, नारळ फुटला. मी माउसकडे हात नेला... "अरेऽऽ हात नको लावू! पुजलेल्या हत्याराले आज कोनी हात लावते का?"

"काकू, पूजा झाली एवढंच दाबतो..."

"काहून? देवाले दिसली नाही का?"

देवाले दिसली जी! पण देव थोडी सुट्टी देते? म्हटलं मोबाईलवरून दाबाव, तर काकूनं तोबी उचलून पाटावर ठेवला! "याच्यावरबी कामच करतं ना तू? मंग हेबी हत्यारच!" टिळा त्यालेबी. प्रसाद खाल्ला अन घरी आलो... दुसरं काय करतो?

सकाळी पाहतो, तर सारं हिरवं अन मधात पूजेचं कार्ड लालभडक! भाऊले फोन लावला. "भाऊ, तुमच्या आईनंच हात लावू नाही देल्ला जी!"

"आईचं बरोबर आहे."

"मंग?"

"मंग काय, नियमबी बरोबर आहे."

आता दोघंबी बरोबर असल्यावर चुकला कोन? जो मधात बसला तो! काम कोन पाहते जी, कार्ड पाहते!

मंडईच्या दिवशी शालू माहेरी गेली, अन मी मिलमध्ये. येऊन पाहतो तर शुकशुकाट! सारे हमाल मंडईले गेले ना! त्यायले कुठी कार्ड आहे? गाडी नाही, पोतं नाही, मिलचा पट्टा बंद. मी एकटा त्या कॉम्प्युटरच्या तोंडाकडे पाहत बसलो. खरं सांगतो, लय वाईट वाटलं. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, हप्ता असाच गेला. एक काम नाही, म्हणून एक कार्ड नाही, म्हणून एकबी लाल नाही...

अन शनिवारी भाऊचा मेसेज, "शाबास मनिष! असा हप्ता पह्यल्यांदा पाहिला. सोमवारची सुट्टी मंजूर!"

शालू परत आली होती. तिले सांगितलं. ते भाजी चिरत होती, मान वर नाही केली. म्हणते, "मंग जा ना करडीले. मंडईचं मैदान झाडून काढाले मानसं पाहून राहिला माहा बाप."

गेलो जी... सुट्टी वाया कायले घालवाची?