आधी वॉल्व बंद

...आता हे काय वागणं झालं, तुमीच सांगा. स्वतःच्या घरात, हुडको कॉलनीतल्या माझ्या घरात, मले सैपाकखोलीत जायची मनाई! कावून? त म्हणे कुकर चढवला हाय. काल कुकरनं नुसतं फुस्स केलं, माझा हात गेला, गॅस बंद. डाळ कच्ची. आमची बायको गिरजाबाई म्हणते, "तुमी बाहेर बसा." अवो, पण एकतीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटमधी गॅस सेफ्टीत काढले मी! तिथं एकच मंत्र, आवाज आला का आधी वॉल्व बंद. कोण हाय, काय झालं, जेवला का, सारं मंग.

तुमाले सांगतो, या हातानं किती माणसं वाचवले असतीन. अन् याच हातानं... थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाई त तुमी म्हणान टिकाराम सठियाला.

आमची पोट्टी सुजाता. एकुलती एक. लोकांच्या पोट्ट्या बँकेत लागल्या, आमची पाण्याखाली लागली. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधायचं, नळीचं टोक दातात धरायचं अन् तळाशी जाऊन मोजमाप करायचं. शिकली समुद्रात, कोमट पाण्यात. अन् काम लागलं कुठं? लद्दाखच्या एका तळ्यात. मी म्हटलं, "बेटा, तिथं पाणी बर्फासारखं असते." त म्हणे, "वही तो प्रॉब्लेम है, बाबा." दाबाची हवा सिलिंडरातून निघता निघता थंड होते म्हणे, वरून पाणी थंड, मंग नळीच्या रेग्युलेटरात बर्फ धरते, त्याची झडप उघडीच अडकते अन् हवा भसाभसा सुटतच राहते. चार-पाच मिनिटांत सिलिंडर रिकामं!

"मंग करायचं काय?"

"घबराना नहीं. सोबत्याजवळ एक जास्तीची नळी असते. आधी ती तोंडात. मंग सिलिंडरचा वॉल्व बंद. मंग वर."

सरावाले सोबती पाहिजे म्हणून दोन महिने तिनं मले स्विमिंग पूलमधी उतरवलं. घरी दिवाणावर बसवून तेच पाठ करून घेतलं, दोघांच्या पाठीवर सिलिंडर, अन् आमची गिरजाबाई मधात पोह्याच्या प्लेटा घेऊन उभी. मी हो हो म्हणून राहिलो. मनात म्हटलं, मले शिकवते? मी मास्क घालून गॅसमधी घुसून राहिलो होतो तवा तू जन्मलीच नव्हती.

अन् सरावाले थंड पाणी आणायचं कुठून? भिलाईत? इथं मे महिन्यात नळाखाली चहापत्ती धरली त चहा होते! शेवटी दुर्गच्या माणिकभाऊची बर्फाची फॅक्टरी. बारा फूट खोल टाकी, त्यात पंचवीस लाद्या सोडल्या. जानेवारीतली सकाळ. माणिकभाऊ बांबूनं लाद्या सारून राहिला, गिरजाबाई आमच्या कमरेची रस्सी धरून उभी, अन् म्हणते कशी, "लवकर या, भाजी टाकून आली."

उतरलो. अवो, थंडी म्हणजे काय सांगू... दात त्या नळीवर कटकट कटकट. भ्यालो मी, खरं सांगतो, लाजायचं काय त्यात. वर लाद्या एकमेकीले चिकटलेल्या, मले वाटलं कोणी झाकण लावून गेलं. पोट्टीनं बोटाचा गोल करून विचारलं, ठीक? मीही गोल केला.

अन् तेवढ्यात... फुस्स्स्स! सराव नाई, खरोखर. तिच्या तोंडाजवळून पांढरे बुडबुडेच बुडबुडे. पण पोट्टी घाबरली नाई. हातानं खूण केली, बाबा, नळी द्या. साधं काम, दिवाणावर शंभरदा केलेलं.

माझा हात कुठं गेला माहीत हाय? सरळ तिच्या पाठीवरच्या सिलिंडरकडं. आवाज आला का आधी वॉल्व बंद! भराभरा फिरवला. बंद.

शांत. एक बुडबुडा नाई. अन् सांगायले शरम वाटते, त्या घडीले मले बरं वाटलं. एकतीस वर्षं आवाज थांबला म्हणजे माणूस वाचला. मंग मी काचेमागचे तिचे डोळे पाहिले. लहानपणी तापात अशीच पाहे माझ्याकडे. प्लांटमधी गॅस माणसाले मारते म्हणून बंद करायचा. इथं माझी लेक त्याच हवेवर जिवंत होती, अन् बापानं तेच बंद केलं. हात वॉल्ववरून निघेना. उघडू का नळी देऊ, उघडू का नळी देऊ... रेग्युलेटर त गोठलंच होतं, आता माझं डोकं गोठलं.

तिनंच माझ्या छातीवरची जास्तीची नळी ओढली, तोंडात घातली, श्वास घेतला. तो श्वास मी पाहिला. त्याच्याआधी चार सेकंद असतील, मले ते चार सेकंद आजही झोपेत येतात. मंग माझा पट्टा धरून तिनं मले वर नेलं. लादीवर डोकं आपटलं, माणिकभाऊनं बांबू घातला, अन् गिरजाबाई अशी रस्सी ओढून राहिली का विहिरीतून बादली काढते.

"का झालं?"

मीच सांगितलं. गिरजाबाईनं सारं ऐकलं अन् एवढंच म्हणाली, "त्याच वॉल्वातून आपली पोट्टी श्वास घेऊन राहिली होती ना हो." बस. म्हणूनच कालपासून मले कुकरबंदी.

पोट्टी गेली लद्दाखले. परवा फोन आला. "बाबा, आज फिर वही हुआ. पन्नास फुटांवर." मी फोन कानाले दाबला. मंग?

"मंग काय, डोक्यात तुमचाच आवाज आला, आधी वॉल्व बंद. म्हणून मी बरोबर उलटं केलं. आधी सोबत्याची नळी, मंग वॉल्व. बच गई, बाबा."

घ्या. एकतीस वर्षांची विद्या पोट्टीले दिली, कामी बी आली, पण उलटी करून. असू द्या. श्वास घेऊन राहिली ना, अजून काय पाहिजे बापाले... ऐकलं? कुकर. नाई, नाई, मी नाई उठत. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो हाय. वाजू द्या त्याले.